नववी 'ड' आणि चेतक बदल

बी.एड.ला 'सूक्ष्म अध्यापन' नावाचा एक प्रकार असतो. पाच-सहा मिनिटांचा पाठ. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते आपलेच वर्गबंधू आणि भगिनी, कुणी एम.एस्सी., कुणाचं पोरगं पाचवीत. 'पाण्याचे रेणुसूत्र काय?' असं विचारलं की वर्गभर हात वर. 'शाब्बास!' म्हटलं की प्रबलन कौशल्य झालं. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चार येरझारा घातल्या की चेतक बदल झाला. निरीक्षक खुणा करतात, पुढचा गडी उठतो.

मग येतं पाठ टाचण. एका रकान्यात शिक्षक कृती, शेजारी विद्यार्थी कृती. गंमत अशी, की विद्यार्थी काय उत्तर देणार हे आदल्या रात्रीच लिहून झालेलं असतं, तेही शुद्ध मराठीत. 'विद्यार्थी खिडकीबाहेर पाहतो' किंवा 'मागच्या बाकावर कुणीतरी मांजराचा आवाज काढतो' ही विद्यार्थी कृती मला आजवर एकाही टाचणात सापडलेली नाही. आणि सापडणार कशी? टाचण मागच्या बॅचकडून आलेलं असतं. तारीख आणि हजेरी क्रमांक तेवढा नवा.

न्या. वर्मा आयोगानं २०१२ साली शिक्षक-शिक्षणाचे वाभाडे काढले आणि २०१५ पासून एक वर्षाचं बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला २० आठवडे मिळाले. बरं झालं. छात्राध्यापक दारात दिसला की अनेक शाळांना पहिला आनंद होतो तो फुकट बदली तासाचा, ही गोष्ट वेगळी. पण माझं विचाराल तर सगळ्या अभ्यासक्रमात खरं शिक्षण होतं ते त्या बदली तासालाच. टाचण नाही, तक्ता नाही, निरीक्षक नाही. पुढ्यात नववी 'ड', हातात खडू, आणि घंटेला अजून पस्तीस मिनिटं! दुर्दैवानं त्याला गुण नाहीत.

गुण कशाला आहेत ते बघा. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा : १५० गुण, पास व्हायला खुल्या गटात ९०. नववी-दहावीला टीईटी नाही, पण भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी 'टेट' सगळ्यांनाच : २०० प्रश्न, १२० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. अंकमालिका, आरशातली प्रतिमा, 'तो माझ्या काकाच्या बहिणीचा कोण'. रडणाऱ्या पोराला काय म्हणायचं, यावर तिथं आरशातली प्रतिमा मात करते. त्या गुणांवर शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवर यादी लागते. मुलाखतीविना निवड झाली तर उमेदवाराला फळ्यासमोर उभं न करताच नेमणूक. खासगी संस्थांत मुलाखतीसह जागा भरतात, तिथं अध्यापन कौशल्य आणि मुलाखत मिळून ३० गुण. त्या मुलाखतीत आणखी काय काय जोखलं जातं, हे गावाला ठाऊक असतं. इथं कशाला लिहू?

एवढं सगळं पार केल्यावर तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन १८,०००. २०२३ पर्यंत ते ८,००० होतं.

आणि जुने सुटले असं समजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. वीस-वीस वर्षं शिकवलेले गुरुजी आता गाइड घेऊन बसलेत, आणि शंका विचारताहेत आपल्याच माजी विद्यार्थ्याच्या क्लासमध्ये.

खात्याला एकच विनंती. टेटचे निम्मे प्रश्न उडवा आणि उमेदवाराला दुपारच्या सुट्टीनंतर नववी 'ड'वर एक तास सोडा. तक्ता नको, खुणा नकोत. परीक्षकानं व्हरांड्यात उभं राहून नुसतं ऐकलं तरी गुण देता येतील.