टप्पा दोन

पुणे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं आणि गणेशखिंडीतला गव्हर्नरसाहेबांचा वाडा, चारशेहून अधिक एकर जमीन, झाडीसकट आयती पदरात पडली. अशा वारशाला आराखड्याची भीती वाटली तर नवल नाही. कुठल्याही विद्यापीठाच्या आराखड्यात झाड म्हणजे हिरवा ठिपका, रबरानं पुसता येणारा. वसतिगृह नेहमी 'टप्पा दोन'मध्ये. टप्पा एक म्हणजे कमान! (कोनशिला कुठेतरी बसवावी लागतेच.) याच विद्यापीठासमोरचा उड्डाणपूल २०२० साली पाडला, तोही कुणीतरी भविष्याचा विचार करूनच बांधला होता. तेव्हा नियोजनकारहो, पुढच्या पंचवीस वर्षांचं नंतर बघू. आधी यंदाच्या मुलांना खोल्या द्या.