गडावर गर्दी, गुडघ्यावर पट्टी

काय म्हणावं या लोकांना! रविवारी पहाटे पाच वाजता, सज्जन माणसं कूस बदलून पुन्हा घोरायला लागतात त्या वेळी, कापूरहोळच्या चौकात ही जत्रा भरलेली. कपाळाला बॅटरी, पाठीला सॅक, दोन हातांत दोन काठ्या. चाललेत कुठं? म्हणे भोरकडं, रोहिड्याला नाहीतर रायरेश्वराला. दुसरी टोळी नारायणपूरवरून पुरंदरला. राजगड-तोरण्याचे बहुतेक वेडे अलीकडंच चेलाडीला नसरापूरकडं वळलेले असतात. त्यातूनही कुणी इथवर आलाच, तर तो भुतोंड्यातून आळू दरवाज्यानं राजगड चढणारा, म्हणजे वेड्यांतला दीडशहाणा!

लिफ्ट अर्धा तास बंद पडली की सोसायटीच्या ग्रुपवर बोंब मारणारे हेच ना? दुसऱ्या मजल्यावर ज्यांना धाप लागते, तेच सुवेळा माचीच्या नेढ्यात बसून वारा खातात? आणि राजगड ते तोरणा ही अख्खी धार एका दिवसात तुडवायची म्हणे! कुणी सांगितलंय? घरी पंखा नाही?

ज्या कापूरहोळच्या धाराऊंनी संभाजीराजांना दूध पाजलं, तिथं येऊन ही मंडळी चहाला ओटचं दूध आहे का विचारायला कमी करणार नाहीत.

तोरणा 1403 मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. दम निघतो, कबूल. पण थाट बघावा तर एव्हरेस्टचा! घड्याळ सांगणार किती चढलो, छाती किती धडधडली, किती घाम गाळला. वर पोचेपर्यंत ते घड्याळच दमत असेल. आणि त्याच वाटेनं डोक्यावर ताकाचं ओझं घेऊन, पायात साधी चप्पल घालून मावशी झपाझप पुढं जातात, सावलीत बसतात आणि वीरांची वाट बघतात. ग्लास पुढं करताना त्या गालात का हसतात, ते विचारू नये.

त्यात 2025 साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत 12 किल्ले घेतले. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. झालं! ज्या तोरण्यावर सापडलेल्या धनातून राजगड बांधला असं सांगतात, त्यालाच वगळलं? पिठल्याच्या ताटावर यावरून अशी खडाजंगी होते, की भाकरी गार होते. भांडणाऱ्यांतल्या निम्म्यांना गेल्या वर्षीपर्यंत झुंजार माची हे हॉटेलचं नाव वाटत होतं.

आता पायांनी भागेना म्हणून घोडा! पुण्याच्या आसपास घोडेस्वारी शिकवणारे आहेतच, गिऱ्हाइकांना काय तोटा? मराठ्यांच्या स्वाऱ्या ठेंगण्या, काटक दख्खनी तट्टांवर झाल्या. स्वार शिडशिडीत, शिधा खोगिराला बांधलेला. तट्टावर आता नव्वद किलोचे मॅनेजर बसणार, वर हेल्मेटला कॅमेरा. तट्टू बिचारं मागं वळून एकदा बघतं. त्याच्या डोळ्यांतला प्रश्न आम्हाला नेमका कळतो.

आणि बाटलेल्यांची तऱ्हा तर विचारूच नका. परवापर्यंत गुडघ्याला तेल चोळणारे निवृत्त काका आता लग्नाच्या पंगतीत संजीवनी माचीचे दुहेरी तट समजावतात. जिलबी हातात तशीच. सासूबाईंना रायरेश्वराची लोखंडी शिडी झेपली, सूनबाई खालीच राहिल्या, आणि त्या घरात सत्ता कुणाकडं हे कायमचं ठरलं. शंभर गड फिरलेले गो. नी. दांडेकर वर्षानुवर्षं राजगडाला जात राहिले. त्यांच्यामागं रीळ काढणारी फौज नव्हती. यांची फौज पुढं चालते, गड मागं राहतो.

आणि तुम्ही हो? नाक मुरडताय ते ठीक, पण दारामागं लाल चिखलानं माखलेले बूट कुणाचे? शनिवारच्या बारशाला 'पोट बिघडलंय' असा निरोप कुणी धाडला? सोमवारी हापिसाचा जिना कठडा धरून खेकड्याच्या चालीनं कोण उतरत होतं? म्हणे, एसीनं पाय आखडले. असतील बापडे. पण मग मानेवर सॅकच्या पट्ट्याएवढी जागा सोडून बाकी सगळं काळं पडलंय, तेही एसीनंच का?