शेवटून पहिले आप्पा

पांझरेच्या दोन्ही काठांवर बुलेटवाल्यांना तोटा नाही, आणि त्यातल्या प्रत्येकाला पुढेच जायचं असतं. मागे राहायला राजी असलेला एकच माणूस, देवपूरचे आप्पा. गटाने निघालं की सगळ्यांत पुढचा तो 'लीड', सगळ्यांत शेवटचा तो 'स्वीप'. लीडच्या जागेला चार उमेदवार असतात. स्वीपला आप्पा बिनविरोध.

तोरणमाळचा बेत ठरला की आदल्या संध्याकाळीच त्यांची तपासणी सुरू. टायरची हवा, चेन, ब्रेक, आणि मग हेल्मेट. आयएसआयची खूण बघूनही त्यांचं समाधान होत नाही. पट्टा लावायला लावतात आणि हेल्मेट मागून वर ओढतात. डोक्यावरून निसटलं तर मालक नापास. अर्धं टोपलं घालून आलेल्याला म्हणतात, "भो, हाई वाटी घर ठेई ये."

त्यांचे नियम सोनगीरला महामार्ग सोडून दोंडाईचाकडे वळेपर्यंत सगळ्यांना पाठ करावे लागतात. एक गाडी आपल्या लेनच्या डाव्या अंगाला, मागची उजव्या अंगाला, मध्ये दोन सेकंदांचं अंतर. "साठच्या वेगाला दोन सेकंदांत गाडी 33 मीटर पळते," हे ते चहाच्या टपरीवरही ऐकवतात, कोणी विचारलेलं नसताना. घाटात मात्र एकामागे एक. पुढचा ट्रकला मागे टाकून गेला म्हणून आपण जायचं नाही. समोरचा रस्ता ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघायचा. आणि वळण आलं की मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं. या शेवटच्या नियमामुळे सारंगखेड्याच्या पुलाआधी कोणी वाट चुकत नाही, आणि या शेवटच्या नियमामुळेच आप्पांना सगळे वैतागतात.

उसाच्या हंगामात शहाद्याकडून अंधारात परतायची वेळ आली तर त्यांचा आवाज चढतो. मागे दिवा नसलेली ट्रॉली हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव शत्रू आहे. खरं सांगायचं तर याबाबतीत त्यांचं कोणालाच खोडता येत नाही.

शेवटी राहण्याची किंमत आप्पा नियमित मोजतात. कोणाची गाडी पंक्चर झाली की किट यांच्या डिकीतून निघतं, क्लच केबल यांच्याकडची लागते. हे सगळं उरकून ते तोरणमाळच्या यशवंत तलावाशी पोचतात तेव्हा भजी संपलेली असतात, फोटोही काढून झालेले असतात. मग सगळे पुन्हा उभे राहतात आणि फोटो आप्पा काढतात.

एकटे निघाले तरी त्यांची सवय सुटत नाही. मागे कुत्रंही नसताना वळणाआधी हात दाखवतात. मे महिन्यात पहाटे पाचला निघतात, दहाच्या आत सावली धरतात. खिशात रक्तगटाची चिठ्ठी, तिच्यावर घरचा नंबर आणि 108. काकूंना थांब्याथांब्यावरून संदेश: "सोनगीर. चहा घेतला." "चिमठाणे. चहा नको." काकू म्हणतात, मी वाचतसुद्धा नाही. पण दोंडाईचाचा संदेश जरा लांबला की पहिला फोन त्यांचाच.

आप्पांच्या गटात जाणार असाल तर हेल्मेटचा पट्टा घरीच आवळून बघा, आणि वर पोचल्यावर भज्यांची एक प्लेट बाजूला काढून ठेवा.