उपकारस्तुती कुणी गायची?

रविवारची उपासना. मंचावर गिटार, ड्रम, की-बोर्ड, चार माइक. भिंतीवर पडदा, पडद्यावर ओळी. समोर सगळी मंडळी उभी. गातंय कोण? मंचावरची पोरं. बाकीचे टाळ्या वाजवतात आणि ऐकतात.

देवाच्या कृपेबद्दल आभार मानायला जमलो होतो ना आपण? मग ते काम चार माइकवर का सोपवलं?

कृपा कमवावी लागत नाही, ती फुकट मिळते. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार या एका गोष्टीवर आहे. जे फुकट मिळालं त्याची परतफेड कशी करणार? हातात उरते फक्त उपकारस्तुती.

तीही आता दुसऱ्याच्या तोंडून.

मराठी चर्चमध्ये नेहमी असं नव्हतं. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. येताना त्यांनी अभंग पलीकडच्या काठावर टाकला नाही. त्यांच्याही आधी नगरकडे कृष्णा सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते. या मंडळींमुळे काय झालं? अक्षरओळख नसलेल्या बाईलाही पाठ होईल, पेटी-झांजेवर म्हणता येईल, असं गीत मराठी चर्चला मिळालं. तिला पडदा लागत नव्हता.

‘जुनी गाणी तरुणांना आवडत नाहीत’ हे ठरलेलं उत्तर. खरंच? हेच तरुण ‘अमेझिंग ग्रेस’ डोळे मिटून गातात. एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेल्या जॉन न्यूटनने ते इंग्लंडातल्या ऑलनी गावात १७७३च्या नववर्षाच्या उपासनेसाठी लिहिलं. टिळकांचा तर जन्मच १८६१चा! जुनेपणाची अडचण असती, तर आधी न्यूटन गळाला असता. न्यूटन त्यांना कुणीतरी शिकवला. टिळक शिकवायला कोण बसलं?

नव्या गाण्यांशी भांडण नाही. टिळकही त्यांच्या काळात नवेच होते. गिटारशी तर मुळीच नाही.

पण मयताच्या घरी काय गाता? तिथे बँड येत नाही, वीजही कधी असते, कधी नसते. तिथे अजून एखादी आजीच सूर लावते आणि घरभर माणसं तिच्यामागून गातात. रडता रडता देवाचे आभार मानायची ताकद त्या जुन्या गीतांत आहे. आजी गेल्यावर तिच्याच दफनविधीला सूर कोण लावणार?

जुनं गीतपुस्तक उघडून बघा. कित्येक गीतांच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या पदाची ओळ दिलेली. ते पद आज कुणाला येतं? शब्द कागदावर आहेत, चाल माणसांच्या गळ्यात आहे. पुस्तकाची नवी आवृत्ती निघेल. गळ्याची निघत नाही.

छापलेलं नाहीसं होतं आणि माणसं जपतात ते तगतं, हे आधी घडून गेलेलं आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ला पुन्हा. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या भाषेवरच बंदी घातली. तरी ते काव्य तगलं, कारण माणसांनी ते हातांनी उतरवून ठेवलं. १९०७ साली मंगळूरला हस्तलिखितांवरूनच ते पुन्हा छापता आलं.

तेव्हा व्हाइसरॉय आडवा आला होता. आज आपल्याला कुणी अडवलंय?

पाळकांना विनंती एवढीच: दर रविवारी एक जुनं गीत घ्या, पडदा बंद ठेवा, आधी चाल शिकवा आणि मग सगळ्या मंडळीला गायला लावा. पहिले दोन-तीन रविवार बेसूर जातील. जाऊ द्या.

आणि तुम्ही, वाचक. तुमच्या घरात किंवा शेजारी ज्यांना या चाली येतात, त्यांच्यासमोर आज दुपारीच फोन ठेवून चाल रेकॉर्ड करा. गीताचा क्रमांक, त्यांचं नाव, गाव आणि चाल कुणाकडून शिकले तेही वदवून घ्या. पुढच्या रविवारची वाट बघू नका.