फास्टिंग किती, पीपी किती?

प्रत्येक सोसायटीच्या कट्ट्यावर एक ज्येष्ठ मधुमेही असतो. आमच्या कट्ट्यावरच्यांना सगळे ‘अधीक्षक’ म्हणतात. त्या पदावरून ते निवृत्त झाले, पण अजून पुरते झालेले नाहीत. नमस्काराच्या जागी ते “फास्टिंग किती, पीपी किती?” असं विचारतात. कोणी नुकताच ‘बॉर्डर’वर आला असेल तर सरकून त्याला शेजारी जागा देतात आणि मग त्याची सुटका नसते.

स्वादुपिंड म्हणजे त्यांच्या लेखी एक सरकारी कचेरी.

“जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं. लांबी १५ सेंटिमीटर, वजन १०० ग्रॅमच्या आसपास. पुढ्यात जठर, म्हणून कोणाच्या नजरेत येत नाही. आमची इमारतसुद्धा कलेक्टर कचेरीच्या मागेच होती! खाती दोन. मोठं खातं पाचकरसाचं. रोज लिटर-दीड लिटर रस नळीवाटे लहान आतड्यात. जठरातून आंबट माल पुढे आला, की आतडं रक्तातून सिक्रेटिनची चिठ्ठी धाडतं. चिठ्ठी पोचली की इकडून बायकार्बोनेट सुटतं, आम्ल मारायला. १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा इंग्रजांनी ती चिठ्ठी पकडली. पिष्टाला अमायलेज, चरबीला लायपेज. प्रथिनांचं ट्रिप्सिन मात्र लखोट्यात बंद होऊन जातं. तो फोडायचा अधिकार आतड्यातल्या एन्टरोकायनेजला. कचेरीतच फुटला, तर कचेरीच पचायला लागते. पॅन्क्रियाटायटिस!”

इथे ते थांबतात आणि कालपासून पोट दुखतंय म्हणणाऱ्याकडे रोखून बघतात.

“दुसरं खातं लँगरहान्सच्या बेटांचं. १८६९मध्ये त्या जर्मन विद्यार्थ्याला ही बेटं दिसली; ती करतात काय, ते काही कळलं नाही. संख्या दहा लाखांच्या घरात, वजन मात्र सगळ्या ग्रंथीच्या एक-दोन टक्के. राजपत्रित अधिकारी! यांना नळी लागत नाही, माल थेट रक्तात. बीटा पेशींचं इन्सुलिन साखर पेशींत पोचवतं. अल्फांचं ग्लुकागॉन उपाशीपोटी यकृताच्या गोदामातून साखर सोडवतं. आणि डेल्टांचं सोमॅटोस्टॅटिन दोघांनाही आवरतं. आमच्या ऑफिसात ते काम माझ्याकडे होतं.”

हे सगळं बरोबर असतं, हीच पंचाईत. स्वतःच्या दुखण्याचं निदानही ते चोख करतात. “आमच्या इन्सुलिनचा दोष नाही. ऑर्डर निघते, पेशी ती दाखलच करून घेत नाहीत. मग इकडून दुप्पट ऑर्डरी. शेवटी स्टाफ दमतो हो!” दमलेल्या स्टाफबद्दल इतका कळवळा त्यांनी नोकरीत असताना दाखवल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही.

लग्नाच्या पंगतीत मात्र हा कळवळा पानाबाहेर बसतो. बिनसाखरेचा चहा मोठ्याने मागवल्यावर जिलेबी ते हळू आवाजात मागतात. हापूस हे फळ असल्यामुळे गोडात धरत नाहीत. साबुदाण्याची खिचडी तर उपासाची, म्हणजे त्यांच्या हिशेबी पथ्याचीच. काकू डोळे वटारतात, तेव्हा ते त्यांना ग्लुकागॉनचं कार्य समजावून सांगतात.

तपासणीच्या आधी चार दिवस अधीक्षक ओळखू येत नाहीत. मेथ्यांचं पाणी, ज्वारीची भाकरी, संध्याकाळी बागेला दहा फेऱ्या. फास्टिंगचा आकडा मग असा देखणा येतो, की कागद कट्ट्यावर हातोहात फिरतो. यंदा डॉक्टर नवे होते. त्यांनी एचबीए१सी लिहून दिली. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, हे अधीक्षकांनीच आम्हाला पूर्वी शिकवलं होतं. आकडा नऊच्या वर आला.

“चार दिवसांचं चोख वर्तन बाजूला ठेवलं,” ते कट्ट्यावर कडाडले, “आणि मागच्या तिमाहीची गोपनीय फाइल मागवली! संबंधिताला साधी नोटीससुद्धा नाही!”

अपील कोणाकडे करायचं, याची चौकशी सध्या चालू आहे.