टोपी फिरते, बिदरी थांबते

जनवाड्याकडच्या लग्नात आहेर माणसं निवडत नाहीत, कपाट निवडतं. मागच्या लग्नात मिळालेली टॉवेल-टोपी घडी न मोडता पुढच्या लग्नाला जाते. शेजारच्या बिदरात मात्र जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून, किल्ल्यातल्या मातीने काळेपण आणून बिदरीकाम घडतं. 2006 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. 2023 साली कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री. परगावचा पाहुणा ही बिदरी हौसेने घेऊन जातो. आपण ‘महाग आहे’ म्हणतो आणि डीजेला हजारो मोजतो. जिवाभावाच्या माणसाला दहा टोप्यांऐवजी एक बिदरी डबी द्या. आणि तुम्हाला मिळाली, तर कृपा करून पुढच्या मांडवात सरकवू नका!