विवाहित बायकांना प्रवेश नाही

क्रूझवर माणूस खातो, झोपतो आणि उठून पुन्हा खातो. अशा माणसांनी काटाकोलो बंदरात उतरून, बसमध्ये बसून ऑलिंपियाला व्यायामशाळा बघायला जावं, यात थोडी लाज वाटायला हरकत नव्हती. बसमध्ये ती कुणाला वाटलेली दिसली नाही. निम्मी मंडळी न्याहारीच्या टेबलावरून उचललेली केळी सोलत होती.

गाइडबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की इ.स.पू. 776 मधला ऑलिंपिकच्या धावण्याच्या शर्यतीचा पहिला नोंदलेला विजेता कोरोइबोस हा पेशानं आचारी होता. "बघ," आमचे हे म्हणाले, "खाणं आणि धावणं यांचं नातं जुनंच आहे." त्या आचाऱ्यानं खायचं कमी आणि रांधायचं जास्त केलं असणार, हे मी मनातच ठेवलं.

मग बाईंनी माझ्याकडे बघून दुसरी माहिती दिली. विवाहित बायकांना सामने बघायची बंदी होती. सापडली तर टिपायॉनच्या कड्यावरून लोटून द्यायचं, असा कायदा. मुभा एकटीला, डीमिटर देवीच्या पुजारणीला. खेळाडू अंगाला तेल चोपडून विवस्त्र उतरायचे, म्हणून ही बंदी असेल म्हणावं, तर कुमारिकांना मनाई नव्हती असं प्राचीन ग्रीक प्रवासलेखक पौसानियस लिहितो. खरं तर लग्न झालेल्या बाईला त्यात नवीन काय दिसणार होतं?

स्टेडियमकडे जाताना डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची रांग लागते. मला सगळ्यात आवडलं ते हेच. इ.स.पू. 388 मध्ये थेसलीच्या युपोलसनं मुष्टियुद्धातल्या प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. सगळ्यांना दंड झाला आणि त्या पैशातून झ्यूसच्या ब्राँझच्या मूर्ती उभ्या राहिल्या. पुढच्या लबाडांनी त्यात भर घातली. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात. इथे लबाडांनी काय केलं ते लिहून ठेवलं, तेही खेळाडूंच्या ऐन वाटेवर. आता मूर्ती गेल्या, चौथरे तेवढे उरलेत.

कमानीखालून आत गेलं की लांबलचक मातीचं मैदान. धाव सुमारे 192 मीटरची. दगडी बाक फक्त पंचांना. बाकी चाळीसेक हजार लोक भर उन्हाळ्यात गवताच्या उतारावर. माश्या इतक्या, की माश्या हाकलणाऱ्या झ्यूसला वेगळा बळी द्यावा लागे.

सुरुवातीच्या दगडी पट्टीवर पायाची बोटं रोवायला खाचा आहेत. त्या दिसल्या की कुणालाही राहवत नाही. ह्यांनी टोपी, चष्मा, पाण्याची बाटली आणि पोटावरचा पाऊच माझ्या हवाली केला. "व्हिडिओ काढ हं!"

मी बंदी झुगारून उतारावर बसले. हे सुटले. एक तृतीयांश अंतरावर थांबले, कमरेवर हात ठेवून जमिनीचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि चालत परत आले.

"पोचला नाहीत."

"नीरो तरी कुठे पोचला?" गाइडबाईंचं हे एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. सन 67 मध्ये सम्राट नीरो दहा घोड्यांच्या रथातून पडला, शर्यत अर्धवट सोडली, तरी पंचांनी त्यालाच विजयी ठरवलं.

"तो मेल्यावर ते अख्खं ऑलिंपिकच नोंदीतून काढून टाकलं," मी म्हटलं.

"मेल्यावर ना? तोवर मिरवतो की," हे म्हणाले आणि केळं मागितलं.